रोजा, लिथियम आणि तांब्याभर तीर्थ

रमजान तोंडावर आला की इथे बर्मिंगहॅमला आमच्या मानसोपचार वॉर्डात गोळ्यांच्या वेळांचा घोळ सुरू होतो. आज एका सोमाली बाईंशी बोलायचं होतं. (मनातल्या मनात मी त्यांना मावशीच म्हणते.) त्या लिथियमवर, म्हणजे मनाचे चढउतार आवरणाऱ्या गोळ्यांवर आहेत. दिवसभर पाणी नाही प्यायलं तर रक्तातलं लिथियम वाढतं, हात थरथरायला लागतात, पुढे विषबाधासुद्धा होते. दुभाष्यामार्फत सगळं सांगितलं.

"आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, कुराणातच आहे. ते मला नका शिकवू," त्या म्हणाल्या. "पण गोळ्या सुरू झाल्यापासून नमाजात रडू येत नाही. आता रोजाही गेला तर माझ्याकडं उरलं काय?"

मी गप्पच. मागच्याच आठवड्यात 'रडणं थांबलं' असं मी त्यांच्या फाइलमध्ये सुधारणा म्हणून लिहिलं होतं.

मग हॉस्पिटलचे इमाम आले. त्यांनी फिदयाची आठवण करून दिली: एका रोज्यामागे एका गरिबाला जेवण. तशी बाई बोटांवर मोजायला लागल्या. तीस दिवस, तिकडं सोमालीलँडमधल्या हरगेसात कोणाकोणाकडं पैसे पाठवायचे. डॉक्टरांशी बोलताना हा चेहरा मी पाहिलाच नव्हता.

घरी येताना आई आठवली. सोलापूरला तीही याच गोळ्यांवर होती. डॉक्टरांनी निर्जळी एकादशी बंद केली, तेव्हा आठवडाभर माझ्याशी अबोला. नंतर तिनंच तोड काढली. पाण्यात तुळशीचं पान टाकायचं आणि "हे तीर्थ आहे गं, पाणी कुठंय?" म्हणत संध्याकाळपर्यंत दोन तांबे संपवायचे.