अंगावर हाडं, लिव्हरमध्ये चरबी

स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ काढायला व्हिपलचं ऑपरेशन झालं. त्यात स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा, सगळंच गेलं. काही महिन्यांनी नागपुरातच, धंतोलीत फॉलो-अपचा सीटी स्कॅन केला. गाठ कुठेच नव्हती, पण रिपोर्टात खाली लिहिलं होतं, फॅटी लिव्हर. तोवर माझं वजन ७१ वरून ५२ वर आलं होतं.

साळा म्हणाला, "भाऊजी, तुमच्या अंगावर पावभर मांस नाही राहिलं, अन् लिव्हरमध्ये चरबी काऊन आली जी?" शंका रास्त होती. घरात मात्र त्याच दिवसापासून तेल-तूप बंद झालं. वरणाला फोडणी नाही, पोळी कोरडी.

डॉक्टरांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. तुम्ही उपाशी आहात, म्हणाले. खाता, पण अंगी लागत नाही. शौचाला तेलकट, तरंगणारं होतं का, फ्लश केल्यावरही जात नाही का, असं त्यांनी विचारलं. होत होतंच. मग शौचातल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडाच्या एका पाचक एन्झाइमची, तपासणी केली. २००च्या खाली आलं तर स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडतात असं धरतात. माझा आकडा त्याच्या बराच खाली होता. लिव्हर चरबी प्रथिनांत बांधून रक्तात पाठवतं. पाचकरसांअभावी प्रथिनं पचून तिथवर पोचलीच नाहीत तर चरबी तिथेच साचते. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागावेत आणि भरायला पेट्याच नसाव्यात, तसं.

मग एन्झाइमच्या, म्हणजे तयार पाचकरसाच्या, कॅप्सूल सुरू झाल्या. २५,००० युनिटची एक, जेवणाला दोन. पहिली पहिल्या घासाबरोबर, दुसरी अर्ध्या जेवणात; जेवण उरकल्यावर घेतली तर तिचा फारसा उपयोग नाही. चावायची नाही. दुधाच्या चहाबरोबर बिस्किटं खाल्ली तरी एक लागतेच. सोबत ॲसिड कमी करणारी गोळी आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं. तेल-तूप परत ताटात आलं, अंडी वाढली. कॅप्सूलच्या डब्यावर २५ अंशांखाली ठेवा असं छापलेलं, आणि नागपूरचा मे महिना! स्कूटरच्या डिक्कीत डबा ठेवायचा नाही, हे बायकोने मला दम देऊनच सांगितलं.

खरी पंचाईत वेगळीच होती. हे एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात आणि आमची आई माळकरी. लपवायचं नाही असं आम्ही ठरवलं. आईने ऐकलं, जरा वेळ माळ फिरवत बसली आणि म्हणाली, "औषध हाये न ते? मंग गिळ. फक्त माह्या देवघरात नोको ठेवू डबा." डबा आता फ्रिजवर, चहाच्या बरण्यांच्या मागे असतो. नंतर नात्यातल्या एका काकांनी नाक मुरडलं, तर त्यांना उत्तर आईनेच दिलं.

वजन सावकाश चढलं, ६० च्या पुढे गेलं. पुढच्या स्कॅनमध्ये लिव्हरची चरबी बरीच उतरलेली दिसली. कॅप्सूल जन्मभर घ्यायच्या आहेत, आणि दर महिन्याचा तो खर्च खटकतोच. सावजीला डॉक्टरांनी अजून हो म्हटलेलं नाही. तर्री-पोहा चालतो, तर्री थोडी, आणि खिशात कॅप्सूलची डबी.