न्यायाधीशाचाच अर्ज

सोमवार, रात्री

पुतणीला एम.ए.ला 'द स्पॅनिश ट्रॅजेडी' लागलंय. थॉमस किडचं हे नाटक साधारण १५८७ च्या आसपासचं, शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्याही आधीचं. संध्याकाळी तिचा फोन आला, "काका, यात कोण कोणाला का मारतं तेवढं नीट सांगा, बाकीचं मी बघते." साहित्याचं मला फारसं कळत नाही, पण सगळी नोकरी सेशन्स कोर्टात बेंच क्लार्क म्हणून झाली. मयत कोण, आरोपी कोण, साक्षीदार कोण, हे कागदांतून निवडून काढायचा हात अजून गेलेला नाही. पीडीएफची प्रिंट काढून आणली आणि जेवण झाल्यावर बसलो.

पहिल्याच पानावर खुद्द मयत बोलतो. डॉन आंद्रेआ, स्पेनचा सरदार, पोर्तुगालशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज राजपुत्र बाल्थझारच्या हातून मेलेला. म्हटलं, लढाईतलं मरण, यात फिर्याद कसली? पुढे खुलासा होतो. आधी बाल्थझारच्या भालेकऱ्यांनी आंद्रेआच्या घोड्याचं पोट फाडलं, तो खाली आपटला आणि मग राजपुत्राने येऊन त्याला संपवलं. म्हणजे तक्रारीला थोडी जागा आहे.

पाताळातला प्रसंग वाचताना तर हसूच आलं. तीन न्यायाधीश बसलेत. एक म्हणतो, हा प्रेमात होता, याला प्रेमिकांत पाठवा. दुसरा म्हणतो, हा लढता लढता मेला, योद्ध्यांत पाठवा. तिसरा प्रकरण वर पाठवून मोकळा. वर पाताळाच्या राजाची राणी, प्रोसर्पिना, नवऱ्याकडून निकालाचा अधिकार मागून घेते आणि 'सूड' नावाच्या पात्राच्या कानात काहीतरी पुटपुटते. मग सूड आंद्रेआला पृथ्वीवर घेऊन येतो आणि सांगतो, बस इथे, बाल्थझारला तुझीच प्रेयसी बेल-इम्पिरिया मारील, ते बघ. दोघं शेवटपर्यंत रंगमंचावर बसून राहतात.

मंगळवार

आज माणसं लावून घेतली. बेल-इम्पिरिया स्पेनच्या राजाची पुतणी, कॅस्टीलच्या ड्यूकची मुलगी. लोरेंझो तिचा भाऊ, सगळ्या कारस्थानाचं डोकं. होरेशिओ हा आंद्रेआचा मित्र. बाल्थझारला लढाईत पकडलं त्याने, पण लोरेंझोनेही त्यावर हक्क सांगितला. राजाने वाटणी केली: घोडा आणि हत्यारं लोरेंझोला, खंडणीची रक्कम होरेशिओला. कैदी ठेवायला मात्र लोरेंझोच्या घरी, कारण होरेशिओच्या बापाचं घर एवढ्या लवाजम्याला लहान. सगळा घोटाळा इथेच सुरू होतो. बाल्थझार त्या घरात राहतो, बेल-इम्पिरियावर भाळतो आणि लोरेंझोला तो मेहुणा म्हणून हवाच असतो. ती मात्र होरेशिओला जवळ करते. काही खऱ्या प्रेमाने, काही बाल्थझारला डिवचायला. हे ती स्वतःशी उघड बोलते, त्यामुळे मला ती आवडली.

होरेशिओचा बाप हिएरोनिमो. हुद्दा नाइट मार्शल, म्हणजे राजवाड्याच्या हद्दीतल्या गुन्ह्यांचा निवाडा करणारा न्यायाधीश. पुतणीला मेसेज केला, 'हा हुद्दा लक्षात ठेव, सगळं त्यावर उभं आहे.'

जाता जाता एक. आम्ही सावंतवाडीकडचे, व्हाइसरॉय म्हटलं की आम्हाला जुनं गोवं आठवतं. या नाटकात व्हाइसरॉय खुद्द पोर्तुगालवर बसलाय आणि स्पेनला खंडणी देतो. १५८० मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पोर्तुगालची गादी घेतली आणि १६४० पर्यंत गोवासुद्धा त्याच घराण्याच्या ताब्यात होतं. किडने लढाई आपल्या मनाने रचली, पण त्याच्या प्रेक्षकांना ही ताजी बातमी होती.

पोर्तुगालच्या दरबाराचं उपकथानक मी भरभर वाचलं. खोट्या साक्षीवर एका निरपराध सरदाराला जाळायला बांधतात, ऐन वेळी राजदूत बातमी घेऊन येतो, सुटका होते. तिथे खबर वेळेवर पोचते, स्पेनमध्ये पोचत नाही. त्याचा उपयोग एवढाच.

गुरुवार

खून झाला. हिएरोनिमोच्याच बागेतल्या लतामंडपात, रात्री. होरेशिओ आणि बेल-इम्पिरिया तिथे भेटतात. तिचाच नोकर पेद्रिंगानो फितूर. लोरेंझो, बाल्थझार आणि मंडळी होरेशिओला तिथेच टांगतात आणि वर भोसकतात, तिला उचलून नेऊन कोंडतात. ओरडा ऐकून म्हातारा अंथरुणातून तसाच धावत येतो, कोणाचं तरी प्रेत म्हणून खाली उतरवतो आणि मग चेहरा बघतो. मुलाच्या रक्तात एक रुमाल भिजवतो. सूड घेईपर्यंत हा रुमालही सोडणार नाही आणि प्रेतही पुरणार नाही, असं ठरवतो.

मग वरून एक चिठ्ठी पडते. शाई नाही म्हणून बेल-इम्पिरियाने रक्ताने लिहिलेली, मारेकऱ्यांची नावं त्यात आहेत. इथे मी मनातून उठून उभा राहिलो. कारण हिएरोनिमो त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाही! म्हणतो, हा मला अडकवायचा डाव असेल, आधी खात्री करतो. आपल्याला सूडनाटक म्हटलं की हॅम्लेट आठवतो, आगरकरांनी 'विकारविलसित'मध्ये मराठीत आणलेला. तिथे मुलगा बापाचा सूड घेतो, इथे बाप मुलाचा, आणि दिरंगाईचा ठपका दोघांवर. माझ्या मते हिएरोनिमोवर तो बसत नाही. वरून पडलेल्या एका कागदावर राजाच्या पुतण्याला कोण आरोपी करील? त्याला दुसरा पुरावा हवाय. न्यायाधीशाला हवाच.

तो मिळतो तोही त्याच्या कोर्टातून. लोरेंझो पेद्रिंगानोकडून दुसऱ्या नोकराला, सर्बेरिनला, संपवतो आणि पहारा आधीच लावून पेद्रिंगानोला पकडून देतो. वर निरोप पाठवतो, घाबरू नकोस, तुझं माफीपत्र या पेटीत आहे. पेटी नेणारं पोरगं वाटेत उघडून बघतं. पेटी रिकामी. पोरगं गप्प बसतं आणि फाशीच्या जागी पेटीकडे बोट दाखवत उभं राहतं. पेद्रिंगानो न्यायाधीशापुढे गुन्हा बिनदिक्कत कबूल करतो, फाशी देणाऱ्याची थट्टा करतो, थट्टा चालू असतानाच पायाखालचं काढून घेतात. नंतर त्याच्या कपड्यांत एक पत्र सापडतं, लोरेंझोच्या नावचं. फाशी देणारा ते आणून हिएरोनिमोला देतो. चिठ्ठी खरी ठरते.

शनिवार

आजचं वाचून झोप येईना. न्यायाधीश राजाकडे न्याय मागायला जातो, लोरेंझो मध्ये येतो आणि म्हाताऱ्याला वेड लागल्याचं राजाला पटवतो. हिएरोनिमो खंजिराने जमीन उकरायला लागतो. काम मात्र सुटत नाही. दारात अर्जदार उभेच. एकाचा कर्जवसुलीचा दावा, एकाचा भाडेपट्टा, असे तिघं. बाजूला बझुल्टो नावाचा म्हातारा, बोलत काहीच नाही, कागद पुढे करतो: खून झालेल्या मुलाबद्दल अर्ज.

हिएरोनिमोला भरून येतं. डोळे पूस म्हणून रुमाल काढून देतो आणि देता देता थबकतो, अरे, हा तर होरेशिओचा. मागे घेतो. मग बाकीच्यांचे कागद दातांनी फाडतो. भाडेपट्टेवाला ओरडतो, दहा पौंड खर्चून केलाय हो! तर हिएरोनिमो म्हणतो, मी कुठे जखम केली त्याला, रक्ताचा एक थेंब तरी दाखव.

अर्ज स्वीकारून शिक्का मारायचं काम मी जन्मभर केलं. खिडकीपलीकडचा माणूस काय घेऊन आलाय ते वाचायचं नाही, फक्त तिकीट लावलंय का ते बघायचं, ही त्या खिडकीची शिस्त. हिएरोनिमोने एकच अर्ज खरा वाचला आणि त्याची शिस्त मोडली. किडचा बाप लंडनमध्ये दस्त लिहून द्यायचा. हे दाव्यांचे नेमके प्रकार घरीच कानावर पडले असणार, असं मला वाटतं.

या सगळ्यात आंद्रेआचं भूत बघतं तर सूड शेजारी चक्क झोपलेला! त्याला हलवून जागं करावं लागतं.

रविवार

शेवट. बाल्थझार आणि बेल-इम्पिरियाच्या लग्नाच्या मुहूर्तावर हिएरोनिमो दरबारात नाटक बसवतो, भूमिका खुन्यांनाच देतो, आणि प्रत्येकाने वेगळ्या भाषेत बोलायचं: लॅटिन, ग्रीक, इटालियन, फ्रेंच. राजा टाळ्या देतो. वार खरे असतात. लोरेंझो हिएरोनिमोच्या हातून मरतो, बाल्थझारला बेल-इम्पिरिया मारते आणि मग स्वतःलाही. हे शेवटचं म्हाताऱ्याने ठरवलेलं नव्हतं. त्याची बायको इझाबेला आधीच ती बाग तोडून जीव देऊन बसलेली. पडद्यामागून होरेशिओचं प्रेत बाहेर येतं, हिएरोनिमो सविस्तर जबानी देतो, आणि साथीदार कोण असं विचारल्यावर जीभ चावून तोडतो. लिहून दे म्हणतात. लेखणीला टोक करायला चाकू हवा अशी खूण करतो. देतात. त्याच चाकूने कॅस्टीलचा ड्यूक मरतो, मग तो स्वतः.

पुतणीला टिपण पाठवलं. तिचा उलट प्रश्न, "काका, ड्यूकने काय केलं होतं?" मी परत चाळलं. तिसऱ्या अंकात तो उलट लोरेंझोलाच जाब विचारतो आणि म्हाताऱ्याशी त्याचा समेट घडवतो. तरी शेवटी आंद्रेआ पाताळात शिक्षा वाटायला बसतो तेव्हा गिधाडाकडून टोचून घ्यायची कायमची शिक्षा भोगणाऱ्या टिटियसला सोडवून त्याच्या जागी या ड्यूकला ठेवतो. आपला मित्र गेला, प्रेयसी गेली, आणि भूत म्हणतंय मन तृप्त झालं.

एकच धागा सापडला. दुसऱ्या अंकात लोरेंझो पेद्रिंगानोला ऐकवतो, आंद्रेआच्या प्रेमप्रकरणात तू मध्यस्थी केलीस तेव्हा बाबांच्या रागातून मीच तुला वाचवलं. म्हणजे त्या प्रेमाला ड्यूकचा विरोध होता. आंद्रेआने ते धरून ठेवलं असावं. लढाई सोडा, बाल्थझार सोडा, भुताच्या मनातली पहिली फिर्याद सासऱ्यावरच होती की काय! हे तिला उद्या फोनवर सांगतो, मेसेजमध्ये मावायचं नाही.