तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्ट कोण सांगतंय?

नायजेरियातली कादंबरी, कॅरिबियन बेटांवरची, व्हिक्टोरियन प्रेमकथा, रहस्यकथा... इंग्रजीतल्या इतक्या वेगळ्या पुस्तकांची तुलना कशाच्या जोरावर करता, असं मला वरचेवर विचारलं जातं. मी आधी एवढंच बघते, की गोष्ट सांगायचा हक्क कोणाला मिळालाय आणि कोणाला नाही. देश आणि प्रकार मग आपोआप बोलू लागतात.

शार्लट ब्रॉन्टेच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) जेन ज्याच्या प्रेमात पडते त्या रॉचेस्टरची जमैकाहून आणलेली पहिली बायको, बर्था, वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे. गोष्ट जेन सांगते, त्यामुळे बर्थाचं हसणं नि गुरगुरणं तेवढं आपल्यापर्यंत पोचतं. डॉमिनिका या कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हिसने १९६६ साली 'वाइड सारगासो सी'मध्ये याच बाईला बोलतं केलं. इथे ती अँटोनेट आहे. बर्था हे नाव नवऱ्याने लादलेलं. ती गोऱ्या गुलाममालकांच्या घरातली. गुलामगिरी नुकतीच संपलीय आणि एक काळी मुलगी लहानग्या अँटोनेटच्या मागे 'पांढरं झुरळ' असं गात चालते. पुढे तिचं लहानपणीचं घर पेटतं, तेव्हा पंख छाटलेला पोपट जळत खाली पडतो. 'जेन एअर'मधली जळत्या छतावरची बर्थाची उडी ज्याने वाचलीय, त्याला हे पान सहज उलटता येत नाही. आणि ऱ्हिस नवऱ्यालाही बोलू देते, याचं मला फार मोल वाटतं. दुसऱ्या भागात बहुतेक तोच बोलतो. त्याची भीती कळते. त्याच्यावरचा राग मात्र तसूभर कमी होत नाही.

नायजेरियाच्या चिनुआ अचेबेच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'मध्ये (१९५८) नायक ओकोंक्वोचं आयुष्य आपण पंचवीस प्रकरणं वाचतो आणि शेवटी इंग्रज अधिकारी ठरवतो, आपल्या पुस्तकात या माणसाला एक परिच्छेद पुरे.

रहस्यकथा हलकी मानणाऱ्यांना मी अगाथा क्रिस्टीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) आणि काझुओ इशिगुरोची 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९८९) पाठोपाठ वाचायला देते. क्रिस्टीचं रहस्य इथे फोडत नाही. पण सांगणारा काय गाळतोय याकडे कान लावायला ती शिकवते आणि इशिगुरोला ते लागतंच. त्याच्या कादंबरीत वरच्या खोलीत वडील वारलेत, बटलर स्टीव्हन्स खाली पाहुण्यांची सरबराई करतोय. आपण रडतोय हे तो स्वतः सांगत नाही. मालक त्याला विचारतो, तेव्हा आपल्याला कळतं.

सुरुवात कुठून करायची, असंही विचारता. ऱ्हिसपासून करा, पण आधी 'जेन एअर' पूर्ण वाचा.