‘बॉडी अँड सोल’ कोणाचं ऐकावं?

‘बॉडी अँड सोल’ कोणीही वाजवायला घेतलं, की माझे कान आधी ब्रिजकडे, म्हणजे गाण्याच्या मधल्या तुकड्याकडे, लागतात. जॉनी ग्रीनची 1930 सालची ही चाल. जॅझवाले ती सहसा डी फ्लॅट या पट्टीत धरतात. ब्रिजच्या आठ बारांत (म्हणजे आठ आवर्तनांत म्हणा) सगळा डोलारा अर्धा सूर वर सरकतो, मग सी मेजरला उतरतो आणि काही झालंच नाही अशा थाटात घरी परततो. एवढ्याशा जागेत भलेभले उघडे पडतात.

कोलमन हॉकिन्स पाच वर्षं युरोपात काढून परतला आणि ऑक्टोबर 1939 मध्ये न्यूयॉर्कला त्याने हे ध्वनिमुद्रित केलं. पियानोची चिमूटभर सुरावट, मग त्याचा तो भरदार टेनर सॅक्सोफोन. सुरुवातीला चाल ओळखू येते, न येते, तोच स्वारी निघाली! पुढे मूळ चालीची नीट भेट नाहीच. दोन फेऱ्या, तीन मिनिटं, खेळ खलास. तरी लोकांनी ज्यूकबॉक्समध्ये नाणी टाकून टाकून ऐकलं. मुखडा दाखवून थेट उपजेत शिरणारा गवई ज्यांना आवडतो, त्यांना याचं नवल वाटू नये.

पुढच्याच वर्षी बिली हॉलिडेने ते गायलं. आवाजाचा पल्ला बेताचा, ताना-बिना काही नाहीत. शब्द मात्र ठोक्याच्या किंचित मागे टाकते. आता चुकणार असं वाटतं आणि बाई आरामात पोचते.

सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनचं 1960 चं मुद्रण मात्र डोकेबाज. खाली खर्ज धरून ठेवलेला, वर मॅकॉय टायनरचा पियानो, आणि ब्रिजमध्ये मूळ कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ) बाजूला सारून त्याच्याच ‘जायंट स्टेप्स’ या रचनेच्या वळणाच्या उड्या. मी दरवेळी मान डोलावतो. गलबलून येत नाही, हेही खरं.

टोनी बेनेट आणि एमी वाइनहाउसचं 2011 चं युगुलगीत बहुतेकजण डोळे पुसत ऐकतात. मार्चमध्ये मुद्रण झालं आणि जुलैत ती गेली, सत्ताविसाव्या वर्षी. पण ते क्षणभर विसरून तिचे शब्द ऐका. ती ते कसे वाकवते! जुन्या गायिका डायना वॉशिंग्टनची छाप त्यात लपत नाही.

माझं मत विचाराल तर हॉकिन्स. पण नवख्या माणसाला मी आधी बिलीच ऐकवतो. चाल कानात बसल्याशिवाय हॉकिन्सने काय काय सोडून दिलंय, ते कळायचं कसं?