गादीवरची शू आणि पॅसेजमधली दादागिरी

घरात दोन मांजरं आहेत आणि त्यातलं एक अचानक गादीवर, सोफ्यावर नाहीतर पायपुसण्यावर शू करायला लागलं, की बहुतेक घरांत एकच निदान होतं: "मुद्दाम करतंय, राग काढतंय." मांजर राग काढायला शू करत नाही. एकतर त्याला दुखत असतं, किंवा लिटर बॉक्स (शू-शीसाठी लिटर म्हणजे शोषून घेणारे दाणे भरून ठेवलेला ट्रे) त्याला पसंत नसतो, किंवा बॉक्सपर्यंतची वाट दुसऱ्या मांजराने ताब्यात घेतलेली असते. हे तिसरं कारण सगळ्यात जास्त नजरेतून सुटतं, कारण त्यात आवाजच होत नाही.

पण आधी दुखण्याचं बघा. बोका बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, खालची जागा सारखी चाटतोय आणि शू थेंब-थेंब येतेय किंवा येतच नाही, असं दिसलं तर त्याच क्षणी व्हेटकडे (जनावरांच्या डॉक्टरकडे) निघा, रात्र असली तरी. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो खड्याने किंवा चिकट गाळाने बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बद्धकोष्ठता समजून तेल पाजत बसू नका, आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. मांजरासाठी ते विष आहे.

इतकी तातडी नसली तरी लघवीची तपासणी करून घ्याच. मूत्राशयाची सूज, खडे, किडनीचा आजार, मधुमेह, म्हातारपणी दुखणारे सांधे, या सगळ्यांत मांजर बॉक्स सोडतं. शिवाय तरुण मांजरांत कुठलाही जंतू न सापडता मूत्राशयाला सूज येते, आणि तिचा ताणाशी जवळचा संबंध आहे. घरातल्या दुसऱ्या मांजराशी न पटणं हा त्या ताणाचा मोठा उगम. म्हणजे आजार आणि भांडण या दोन वेगळ्या फायली नाहीत. अशा मांजराच्या पोटात जास्त पाणी जायला हवं, म्हणून कोरड्या दाण्यांऐवजी ओलं खाणं वाढवा आणि पाण्याची भांडी खाण्यापासून लांब, दोन-तीन जागी ठेवा.

लिटर उपसणं हे नुसतं सफाईचं काम नाही, तपासणीही तीच. गोळे बांधणाऱ्या लिटरमध्ये एका निरोगी मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे निघतात, लिंबाएवढे किंवा थोडे मोठे. वाटाण्याएवढे सात-आठ गोळे दिसले तर मूत्राशयाला त्रास असू शकतो. संत्र्याएवढे व्हायला लागले आणि पाणी पिणंही वाढलं, तर किडनी आणि साखर तपासा. कुठलं मांजर चुकतंय ते कळत नसेल तर संशयाची जागा दिसेल असा जुना मोबाइल रात्रभर रेकॉर्डिंगला लावा. अंदाजाने एकाला दोषी धरलं की बऱ्याचदा चुकीच्या मांजरावर उपचार होतात.

मग ती शू आहे की फवारा, ते ओळखा. मांजर बसून, सपाट जागेवर, भरपूर करतं ती शू. उभं राहून, पाठ भिंतीकडे करून, शेपूट ताठ उभारून थरथरवत पडद्यावर, दाराच्या चौकटीवर किंवा कपाटावर थोडीशी उडवतं तो फवारा. फवारा म्हणजे हद्दीची पाटी. बॉक्स बदलून तो थांबत नाही. नसबंदी झालेली नसेल तर ती आधी करा. त्यानंतर बहुतेक बोके थांबतात, पण शंभरातले दहाएक नंतरही मारतात, आणि शंभरातल्या पाचेक माद्यासुद्धा. तेव्हा "ऑपरेशन झालंय, मग हा फवारा असूच शकत नाही" हे गृहीत धरू नका.

आता पॅसेजमधली दादागिरी. टू बीएचकेमधला अरुंद पॅसेज डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला हॉल, दुसऱ्या टोकाला बाथरूम, आणि बॉक्स बाथरूममध्ये. दांडगं मांजर पॅसेजच्या मधोमध आडवं पसरलंय. डोळे अर्धे मिटलेले, शेपटीचं फक्त टोक हलतंय. बघणाऱ्याला वाटतं, गारव्याला निवांत पडलंय. दुसरं मांजर हॉलमधून येतं, चौकटीशी थबकतं, नजर दुसरीकडे वळवतं, दोन सेकंद जमिनीचा वास घेतं, माघारी फिरतं आणि सोफ्याखाली शिरतं. फिस्कारणं नाही, पंजा नाही. तासाभराने बेडरूममधली चादर ओली. हे दिवसातून तीन वेळा घडत असेल आणि घरात कुणाला पत्ता नसेल.

म्हणून भांडण ओळखायचं ते आवाजावरून नाही. एकटक रोखून बघणं, वाट अडवणं, दुसरं बॉक्समध्ये असताना बाहेर दबा धरून बसणं, त्याच्या जागेवरून त्याला नुसत्या नजरेने उठवणं, ही खरी भांडणं. उलट पाठशिवणी, कुस्ती, आळीपाळीने वर-खाली होणं, नखं आत आणि आवाज नाही, हा बहुधा खेळ असतो. कायम एकच पळतंय आणि एकच पाठलाग करतंय, कान मागे चपटे झालेत, केस उभे राहिलेत, तर तो खेळ नाही.

यावरचा पहिला उपाय बॉक्सची संख्या आणि जागा. मांजरं जितकी, त्याहून एक बॉक्स जास्त. दोन मांजरांना तीन. हा नियम बऱ्याच जणांना माहीत असतो, पण तिन्ही बॉक्स ड्राय बाल्कनीत ओळीने मांडले जातात आणि मग "तीन ठेवले तरी फरक नाही" अशी तक्रार येते. शेजारी-शेजारी ठेवलेले तीन बॉक्स म्हणजे मांजराच्या हिशेबी एकच जागा. दारात एक मांजर बसलं की तिन्ही बंद. एक हॉलच्या कडेला, एक बेडरूममध्ये, एक बाल्कनीत, असे पांगवा. जागा खरंच नसेल तर दोनच ठेवा, पण घराच्या दोन टोकांना, एकाच वेळी दोन्हींवर पहारा देता येणार नाही असे. आणि ते जास्त वेळा उपसा.

बॉक्स बंदिस्त कोपऱ्यात नको. आत बसलेल्या मांजराला येणारा दिसला पाहिजे आणि पळायला दुसरी बाजू पाहिजे. झाकणाचे बॉक्स दिसायला नीटनेटके, पण वास आत कोंडतो आणि एकच दार असल्याने ती सापळ्याची जागा होते. भांडणाच्या घरात झाकण काढून टाका. वॉशिंग मशीनजवळही नको. मांजर आत असताना एकदा मशीन गडगडलं की ती जागा कायमची नावडती होऊ शकते. बाथरूमचं दार कुणीतरी लावून घेतं आणि फरशी ओली असते, हे तर रोजचंच.

आकाराबाबत दुकानात मिळणारे बहुतेक ट्रे लहान पडतात. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घ्या आणि त्याच्या दीडपट लांबीचा बॉक्स शोधा. ४५ सेंटीमीटरच्या मांजराला साधारण ६५ ते ७० सेंटीमीटर. कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा टब यासाठी उत्तम. एका बाजूला जमिनीपासून १२ ते १५ सेंटीमीटरवर हॅक्सॉ ब्लेडने खाच कापा आणि कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर पोटाला लागतं. मांजर म्हातारं असेल तर खाच सात-आठ सेंटीमीटरवरच ठेवा. बाकीच्या भिंती उंच राहिल्याने उभ्याने शू करणाऱ्या मांजराची शूही बाहेर जात नाही.

लिटर बारीक दाण्याचं, बिनवासाचं, गोळे बांधणारं बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी माती) बहुतेक मांजरांना रुचतं. लॅव्हेंडर नाहीतर लिंबाचा वास आपल्या नाकासाठी असतो. मांजराला तो झोंबतो. थर पाच ते सात सेंटीमीटर. ६० बाय ४० च्या टबात एवढ्या थराला दहाएक किलो लिटर लागतं. लोक पाच किलोच्या पिशवीत भागवतात, थर पातळ होतो, शू तळाला चिकटते, खरवडताना गोळा फुटतो आणि उरलेलं सगळं लिटर वास मारायला लागतं. लिटरचा प्रकार बदलायचा असेल तर एका बॉक्समध्ये नवं, दुसऱ्यात जुनं ठेवून मांजराला निवडू द्या, किंवा आठ-दहा दिवसांत थोडं-थोडं मिसळत जा. अगदी लहान पिल्लं लिटर तोंडात घालतात, त्यांना गोळे बांधणारं देऊ नका.

सकाळ-संध्याकाळ उपसा. पूर्ण बॉक्स रिकामा करून साध्या भांड्यांच्या साबणाने दोन-तीन आठवड्यांनी धुवा. फिनेल आणि काळं जंतुनाशक यांना मांजराच्या घरात जागाच देऊ नका. त्यांतल्या फिनॉलसारख्या घटकांचं विष मांजराच्या यकृताला नीट उतरवता येत नाही, आणि पंजाला लागलेलं मांजर चाटतंच. काढलेलं लिटर कमोडमध्ये टाकू नका, बेंटोनाइट फुगून पाइप तुंबतो. कागदात बांधून कचऱ्यात द्या.

पावसाळ्यात तक्रारी वाढायला कारण आहे. बाल्कनीतल्या बॉक्सवर तुषार येतात, विजेच्या आवाजाने मांजर तिकडे फिरकत नाही, लिटर पिशवीतच ओल धरतं, टोफूच्या (सोयाबीनपासून केलेल्या) लिटरला बुरशी येते. जूनच्या आधी एक बॉक्स आत आणा आणि लिटर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दिवाळीच्या फटाक्यांतही तेच करा.

ओली झालेली जागा वासासकट साफ झाली नाही तर मांजर तिथेच परत जातं. आधी जुन्या सुती कापडाने दाबून टिपा, घासू नका. मग एन्झाइमचं (शूमधले वासाचे घटक तोडणारं) क्लीनर, शू जितकी खोल मुरली तितकं खोल जाईल एवढं ओता, बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या आणि आपोआप वाळू द्या. व्हिनेगरने वास गेल्यासारखा वाटतो, पण शूमधलं यूरिक ॲसिड तसंच राहतं आणि दमट हवेत वास परत उठतो. अमोनियाच्या क्लीनरला मुळात शूसारखाच वास येतो. ब्लीच शूवर ओतलं तर घातक वायू सुटतो. कापसाची गादी आतपर्यंत भिजली असेल तर ती वाचत नाही, कापूस बदला. रबरी पाठीची पायपुसणी काही मांजरांना हमखास खुणावतात. ती काही दिवस उचलून ठेवा.

काल रात्रीपर्यंत मिठी मारून झोपणारी मांजरं आज सकाळी एकमेकांच्या जिवावर उठली, असं झालं तर दोन गोष्टी तपासा. एक, खिडकीबाहेर सोसायटीतला भटका बोका आला होता का? त्याच्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून घरातलं मांजर जवळ असलेल्यावर तुटून पडतं. अशा वेळी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, काळोखात, शांत ठेवा. हे निवायला कधी काही तास, कधी दोन-तीन दिवस लागतात. खिडकीच्या खालच्या दोन फूट काचेला दुधी फिल्म लावा. दुसरी गोष्ट, एखादं नुकतंच व्हेटकडून आलंय का? दवाखान्याचा वास घेऊन आलेलं मांजर दुसऱ्याला अनोळखी वाटतं. आल्यावर त्याला एका खोलीत ठेवा, घरच्या चादरीवर झोपू द्या, वास निवळला की सोडा.

मांजरं गुंतली तर मध्ये हात घालू नका. पुठ्ठा किंवा मोठी उशी सरकवा. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मांजराचा चावा खोल जाऊन पिकतो, आणि रेबीजच्या लसीचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

भांडण जुनं झालं असेल तर ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागते. दांडग्या मांजराला लहान खोली द्या, दबलेल्याला बाकीचं घर. खोलीत बॉक्स, पाणी, लपायला खोका, नखं घासायला ८०-९० सेंटीमीटर उंच, न डगमगणारा खांब. मऊ सुती कापड एकाच्या गालांवर फिरवा आणि दुसऱ्याच्या ताटलीपासून थोडं लांब ठेवा, तोंडासमोर धरू नका. ते शांतपणे हुंगून जेवायला लागलं की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या, सुरुवात सहा-आठ फुटांवरून, रोज थोडं जवळ. मग दारात जाळी, जाळीवर चादर, आणि चादर रोज चार बोटं वर. कुणी खाणं थांबवून रोखून बघायला लागलं तर पाऊल मागे घ्या. शेवटी समोरासमोर, दोन माणसं आणि दोन पिसाच्या काड्या, पाच मिनिटं. चांगलं चाललेलं असतानाच थांबवा. याला आठवडे लागतात, कधी महिने, आणि बहुतेक घरांत घाई इथेच नडते. फेरोमोन डिफ्युझरचा (मांजराला शांत करणारा गंध हवेत सोडणारं, प्लगला लावायचं यंत्र) काही घरांत उपयोग होतो, काहींत नाही. फ्लुओक्सेटिनसारखी ताण कमी करणारी औषधं फक्त व्हेटच्या सांगण्यावरून.

ओरडणं, फटका, शूमध्ये नाक घासणं यातून मांजर एवढंच शिकतं की माणूस धोक्याचा आहे, आणि मग ते पलंगाखालच्या कोपऱ्यात शू करायला लागतं, जिथे तुम्हाला दिसत नाही.

ओल्या गादीची बेडरूम साफ करून बंद ठेवली असेल तर नवे बॉक्स सलग दोनेक आठवडे नीट वापरले जाईपर्यंत ती उघडू नका. मग गादीवर वॉटरप्रूफ कव्हर घालून दिवसातून १५ मिनिटं, तुम्ही तिथे असताना, आणि आधी दबलेल्या मांजराला एकट्याने. गादीवरच त्याच्याशी खेळा, तिथेच खाऊ द्या. जिथे जेवतं तिथे मांजर सहसा शू करत नाही.