तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशात गेलेल्यांच्या कादंबऱ्या मी का वाचतो

अमळनेर सोडून कुठे गेला नाहीत आणि वाचता सगळं परदेशात जाऊन बसलेल्यांचं, असं का, हे मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. तर सांगतो.

या कादंबऱ्यांत लहानपणचा एक दोस्त असतोच, आणि बहुतेकदा तो मागे राहिलेला असतो, म्हणजे माझ्या पार्टीतला. खालिद हुसैनींची 'द काइट रनर' (२००३) घ्या. अमीर काबूलहून कॅलिफोर्नियात जातो, लेखक होतो, आणि नोकराचा पोरगा हसन, तोही तिकडे हलकी समजली जाणाऱ्या हजारा जमातीचा, तिकडेच राहतो. लहानपणी अमीर पहिली गोष्ट लिहितो, एकाला जादूचा पेला सापडतो, त्यात आसवं पडली की मोती होतात, मग मोत्यांच्या नादात तो शेवटी बायकोला मारून रडत बसतो. हसनला लिहिता-वाचता येत नाही, पण ऐकून विचारतो की बायकोला कशाला मारायचं, कांदा हुंगायचा ना! (खान्देशातलं कुठलंही पोरगं हेच विचारेल.) गोष्टीतली खोट त्याला दिसली, पण पुस्तकभर बोलतो कोण, तर जो गेला तो. हसन मोठेपणी लिहायला शिकतो, त्याचं एक पत्र येतं, बस, आणि त्यातही तक्रारीचा एक शब्द नाही. इतका साधा दोस्त मला काही पटत नाही ब्वा.

झेडी स्मिथची 'स्विंग टाइम' (२०१६) त्यापेक्षा खरी वाटते. लंडनच्या डान्स क्लासमधल्या दोन सावळ्या पोरी, नाच खरा ट्रेसीच्या अंगात, पण जग फिरते दुसरीच. मागे राहिलेली ट्रेसी चिडते, छळते, जुनं उकरून काढते. आणि ती दुसरी, सगळं सांगणारी जी आहे, तिला पुस्तकात नावच नाही, ट्रेसीला आहे!

आमचे निम्मे दोस्त सुरतला, उधना नाहीतर लिंबायत. त्यातला एक कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खान्देशी सणाला, दरवर्षी येतो, आल्या आल्या हिंदी झाडतो, रात्रीपर्यंत आमच्या अहिराणीवर, 'काय भो, कसा शे' वर येतो. मग बोरी नदीचा विषय निघतो. पुराच्या पाण्यात मी त्याला ओढून काढलं होतं, तो मात्र सांगतो त्याने मला काढलं, आणि सुरतला त्याची पोरं तेच ऐकून मोठी झालीत, तिकडे खोडून काढायला मी थोडाच असतो. यंदा दोन्हीकडची पोरं एकत्र बसली आणि त्यावरून जी जुंपली, बायकांना मधे पडावं लागलं.