खर्ज हरवू नये म्हणून

९ मे, रात्री दीड

कूलर जोरात चालू आहे तरी पाठ ओलीच. पण आज झोप उडाली आहे ती उकाड्याने नाही. पाळधीकडच्या हळदीच्या कार्यक्रमात आमचा बँड वाजवत असताना जे झालं ते डोक्यातून जात नाही.

तिसऱ्या गाण्याला, जिथे ढोल एकदम उसळतो, तिथे माझ्या बेस गिटारचा आवाज थोडा तुटका, दाणेदार यावा असं किती दिवसांपासून मनात होतं. एका गिटारवाल्या मित्राकडून ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारं, पायाने दाबायचं पेडल उसनं आणलं होतं. घरी हेडफोनवर चार दिवस वाजवलं, फार आवडलं. आज त्या जागेवर पाय दाबला आणि अंगावर काटा आला, कारण स्टेजवर आम्हाला ऐकायला ठेवलेल्या, माझ्या शेजारच्या मॉनिटरमधून अगदी हवा तसा आवाज येत होता. गाणं संपलं आणि ड्रमरचा चुलतभाऊ समोरून धावत आला. "तुन्हा बास कोठे गया भो?"

मला वाटलं केबल गेली. त्याने मोबाइलवर घेतलेलं ऐकवलं. पेडल दाबण्याआधी गाण्याला जमीन होती. दाबल्यावर गिटारच्या खाली कुठेतरी एक गुणगुण, आणि तिच्याखाली एकटा किक ड्रम. नाचणारी पोरं त्याच क्षणी मंदावलेली व्हिडिओत स्पष्ट दिसतात. हे बघून फार वाईट वाटलं. बेस ऐकू येतो का हे लोक सांगत नाहीत, पाय सांगतात.

१० मे

कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपत आलाय, हिशेबाचं काम कमी. दुपारभर वाचत बसलो.

पेडल कुठलं होतं ते मी लिहीत नाही, कारण दोष त्याचा नाहीच. ते गिटारसाठी केलेलं आहे आणि गिटारवर सुंदर वाजतं. गिटारच्या ओव्हरड्राइव्हची जी सगळ्यात गाजलेली रचना, १९७९ च्या सुमारास आलेल्या ट्यूब स्क्रीमर पेडलची, तिच्यातच याचं उत्तर आहे. तिथे साधारण ७२० हर्ट्झच्या वरचे स्वर जास्त फुगवून डायोडवर (लहरीचा माथा कापणाऱ्या भागावर) आपटवले जातात. त्याच्या खालचं जसजसं खाली जावं तसं कमी फुगतं. गिटारला हे वरदान आहे, खालचा चिखल निघून जातो आणि सोलो पुढे येतो. बेसची सगळ्यात जाड तार मात्र मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झवर थरथरते. म्हणजे माझं सगळं राज्य त्या रेषेच्या कितीतरी खाली. खालचा आवाज नाहीसा होत नाही, पण मधला इतका वर येतो की खालचा त्याच्यामागे झाकला जातो. शिवाय लहर डोक्यावर कापली गेल्याने ठोक्याची उंची जाते, मऊ-जोराचा फरक जातो, आणि बेसवाल्याचा अर्धा जीव त्या फरकातच असतो.

मग ओव्हरड्राइव्ह लावायचंच कशाला? हा प्रश्न आमच्या गाणाऱ्या दादाने फोनवर विचारला आणि मी अर्धा तास बोलत राहिलो. आपल्याकडच्या कार्यक्रमांत स्पीकरचे जे बॉक्स लागतात त्यातले बरेचसे ४१ हर्ट्झ नीट काढूच शकत नाहीत. मोबाइलचा स्पीकर तर नाहीच नाही. पण त्या स्वराचे उपस्वर, ८२, १२४, १६५, हे ऐकू आले की कान खालचा मूळ स्वर आपोआप भरून काढतो. ओव्हरड्राइव्ह हेच करतं. लहर कापली की उपस्वर जन्मतात. दोन्ही बाजूंनी सारखी कापली तर विषम उपस्वर येतात, म्हणजे तिसरा आणि पाचवा. तिसरा म्हणजे पंचम, पाचवा म्हणजे गंधार! हे कागदावर मांडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार तो हाच.

आणखी एक गोष्ट वाचनात आली, ती नोंदवून ठेवतो. 'फझ' म्हणतात त्या फाटक्या आवाजाच्या पहिल्या गाजलेल्या नोंदींपैकी एक साध्या गिटारची नसून सहा तारांच्या बेसची आहे. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये ग्रेडी मार्टिन वाजवत होता, ध्वनिमुद्रणाच्या मिक्सरची एक वाहिनी बिघडली होती, आणि तो बिघडलेला आवाज १९६१ साली गाण्यासकट लोकांपर्यंत गेला. लोकांना तो इतका भावला की १९६२ मध्ये तसा आवाज काढणारी मॅस्ट्रो फझ-टोन ही पेटी बाजारात आली. म्हणजे फझची पेटी खालच्या तारांवरूनच सुचली. मला याचा फार आनंद झाला.

तसं माझ्या कानाला हा आवाज हे वाचण्याच्याही कितीतरी आधीपासून माहीत आहे. लहानपणी वरातीत बँजो यायचा, हातगाडीवर भोंगा, मागे जनरेटर. अॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर चालवलेला, आणि तो चिरका, भरलेला, रडवेला आवाज अख्ख्या गल्लीला बाहेर ओढायचा. तो ओव्हरड्राइव्हच होता. आम्हाला नाव माहीत नव्हतं इतकंच.

१२ मे

यावल रस्त्याला काकांच्या केळीच्या बागेत पत्र्याचं शेड आहे, तिथे आमचा सराव चालतो. दुपारी शेडात पाऊल ठेवणं शक्य नाही, म्हणून पहाटे साडेपाचला गेलो. ठिबकची टिकटिक आणि मी, बाकी कोणी नाही.

ठरवलं होतं की साफ आवाज आणि तुटका आवाज वेगळे करून पुन्हा मिसळायचे. बेसची केबल दोन वाटांना फोडली. एक वाट सरळ डीआय बॉक्समधून (वाद्याचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी पेटी) मिक्सरला, दुसरी पेडलमधून दुसऱ्या डीआयला. साफ आवाजाचा फेडर, म्हणजे मिक्सरवरचा सरकता खटका, वर केला, छान, पोटात बसणारा आवाज. मग तुटक्याचा फेडर हळूहळू वर नेला, आणि आवाज वाढायच्या ऐवजी खालून पोकळ होत गेला. दोन्ही सारखे ठेवले तर खालचं जवळजवळ गायब.

आधी वाटलं पुन्हा तोच ७२० चा खेळ. पण आज घेऊन गेलेलं पेडल दुसरं होतं आणि एकटं वाजवलं तर त्याला खाली भरपूर मांस होतं. मग उमगलं. काही पेडलांतून लहर उलटी होऊन बाहेर येते. एकीकडे लहर वर जाते तेव्हा दुसरीकडे खाली, आणि दोघी एकमेकींना खातात. मिक्सरवर फेज, म्हणजे लहर, उलटायचं बटण नाही. म्हणून सोल्डरिंग गन काढली, डीआयपासून मिक्सरला जाणाऱ्या एका तीन पिनांच्या एक्सएलआर केबलच्या टोकाला दोन आणि तीन नंबरच्या पिनांच्या तारा अदलाबदल केल्या, पिनेवर लाल टेप गुंडाळली म्हणजे नंतर घोळ नको. जोडली. फेडर वर केला.

पत्रा थरथरला. खरोखर थरथरला, छपरावर वाळत घातलेली मिरची घसरल्याचा आवाज आला.

तेव्हाच ठरलं, पेडल घ्यायचं तर ज्याच्या पोटातच साफ आवाज मिसळायची सोय आहे तेच. त्याला ब्लेंड म्हणतात, कोणी बॅलन्स, कोणी क्लीन. तो नॉब नसेल तर बाकी कितीही गुण असोत, मला नको.

१५ मे

आबांकडे गेलो होतो. वय झालंय, आता भजनाला बसत नाहीत, पण तंबोरा खोलीत उभा असतो, गवसणीत. मी त्यांना माझी अडचण माझ्या शब्दांत सांगितली. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. गवसणी काढायला लावली, तार छेडली. नुसती टणक, बंद. मग घोडीवर खर्जाच्या तारेखालचं सूत नखाने सरकवलं, तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्याएवढं असेल. पुन्हा छेडली. तीच तार, तोच स्वर, पण आता त्यातून एक झिणझिणता झोत बाहेर पडत होता आणि भिंतीपर्यंत जाऊन राहत होता. आणखी जरासं सरकवलं तर नुसती चरचर, खर्ज आत गेलेला. परत मागे आणलं.

"जवारी इतकीच ठेवायची," म्हणाले. जवारी म्हणजे तो झिणझिणाट. "खर्ज मरता कामा नये."

मी पाया पडलो आणि निघालो. वाटेत आसोद्याच्या फाट्यावर गाडी थांबवून हे वाक्य मोबाइलमध्ये लिहून ठेवलं.

२० मे, महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये, परतीच्या वाटेवर

पुण्याला जाऊन आलो. खांद्यावर स्वतःचा बेस नेला, कारण दुकानातला नवा, बॅटरीवाला बेस आणि माझा जुना, बिनबॅटरीचा, यांच्या आवाजाची ताकदच वेगळी. जोरदार बेसला पेडलमधला आवाज लवकर तुटतो, मवाळ बेसला उशिरा. दुसऱ्याच्या वाद्यावर पेडल पारखणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचणं.

दुकानातल्या मुलाला पहिल्यांदाच सांगितलं, बेसच्या अॅम्पला लावू नकोस, साध्या पीएच्या, म्हणजे कार्यक्रमात लोकांसमोर लावतात त्या, बॉक्सला लाव. त्याला नवल वाटलं. पण जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, स्टेजवर बेसचा अॅम्प असतो कुठे? आपली तार थेट साउंडवाल्या दादांच्या मिक्सरला जाते. अॅम्पच्या मोठ्या स्पीकरची खासियत अशी की तो वरची किरकिर स्वतःच गाळून टाकतो. पीएचा भोंगा काहीच गाळत नाही. त्यामुळे अॅम्पवर मध वाटणारं ओव्हरड्राइव्ह तिथे माशी घोंगावल्यासारखं वाजतं. ९ तारखेच्या रात्रीचं दुसरं कारण हेच होतं, तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

चार पेडलं मनापासून वाजवली. बॉस कंपनीचं ओडीबी-३ ज्याला धार हवी त्याचं. बॅलन्सचा नॉब आहे, खालचं-वरचं वेगळं करता येतं, पण गेन (किती तोडायचं तो नॉब) अगदी कमी ठेवला तरी माझ्या कानाला ते मेटल संगीताकडेच ओढतं. एमएक्सआरच्या बेस ओव्हरड्राइव्हमध्ये साफ आवाजाला वेगळा नॉब आणि तुटक्याला वेगळा, ही कल्पना मला फार पटली, हात लगेच बसला. फिनलंडच्या डार्कग्लासचं बी३के वाजवलं तेव्हा मात्र थांबलो. त्याला ग्रंट नावाचा खटका आहे, खालचं किती तोडायचं ते तो ठरवतो. तिसऱ्या जागेवरून पहिल्या जागेवर आणला की एकच स्वर जड असताना मोकळा कसा होतो ते कळतं. सुंदर वस्तू. पैसे जास्त असते, आणि मागे अॅम्प असता, तर हेच.

शेवटी सॅन्सअॅम्प बेस ड्रायव्हर घेतलं, वापरलेलं, कडा घासलेलं. ही रचना १९९२ पासून चालत आलेली आहे. ब्लेंड आहे, आत स्पीकरसारखी गाळणी आहे, आणि त्यातूनच सरळ एक्सएलआरची तार निघते, म्हणजे डीआय वेगळा बाळगायला नको. पीएवर लावल्यावर ते एकटंच असं होतं की मी नॉबकडे न बघता वाजवत राहिलो. मुलगा म्हणाला, "सर, दुकान बंद करायचंय."

मनमाड गेलं. बॅग पायात धरून बसलोय.

२५ मे

काल चोपड्याला कार्यक्रम. पारा दिवसभर ४५ च्या आसपास, संध्याकाळी सातलाही तारा तापलेल्या, सूर सारखा चढउतार होत होता, दोन गाण्यांमध्ये ट्यूनरवर पाय.

ड्राइव्हचा नॉब नऊच्या काट्यापेक्षा जरा पुढे, ब्लेंड अर्ध्यावर, प्रेझेन्स (वरची धार) जवळपास बंद. हे आकडे घरच्या आकड्यांपेक्षा बरेच खाली आहेत. घरी एकटं वाजवताना जे कमी वाटतं तेच ढोल-ताशात पुरतं. दोन तारा एकत्र मात्र वाजवायच्या नाहीत, आधी एका जागी मी सा-प एकत्र धरायचो, तिथे ओव्हरड्राइव्हमध्ये नुसता गाळ झाला. एकच स्वर, लांब.

सुरुवातीला बारीक गूं येत होती. साउंडवाल्या दादांना वाटलं माझी केबल. पण अॅडॉप्टर काढून ९ व्होल्टची बॅटरी लावली तेव्हा गेली. एकाच बोर्डावर कूलरही होता. दादांनी मन लावून ऐकलं, माझ्या चॅनेलवर खालचं थोडं वाढवलं, आणि किकचं थोडं कमी केलं. असा साउंडवाला मिळणं हे भाग्य आहे, ते मी त्यांना सांगितलंही.

तिसरं गाणं. ढोल उसळला, पाय दाबला. या वेळी मॉनिटरकडे कान लावला नाही, समोर बघितलं. मागच्या रांगेतल्या बायका, ज्या मघापासून खुर्च्यांवर बसून होत्या, त्यांच्यातल्या दोघी उठल्या. मग सहा-सात. ड्रमरचा तोच भाऊ कडेला उभा होता. त्याने लांबूनच हात वर केला आणि ओरडला, "आते ऐकू येस भो!"

घरी यायला दोन वाजले. बॅटरी काढून ठेवायची राहिली, इनपुटमध्ये पिन तशीच होती म्हणून रात्रभर उतरत राहिली. सकाळी उठून बघितलं तर दिवा विझलेला. रविवारी फैजपूरला वाजवायचं आहे, दोन नव्या आणायला हव्यात. आणि आबांना न्यायचं आहे, काकांची गाडी मोकळी असली तर.